पाच चिंचोके

"ही तिसरी फेरी आज तिसऱ्यांदा चाललीय," दातांत पिन धरून, स्कार्फ नीट करत नाजनीन पुटपुटली. "आठला मेडिकल उघडायचंय मला."

"हळू की. वैनींना ऐकू जाईल," कल्लप्पा म्हणाले.

मालतीबाई दोनच पावलं पुढं होत्या. त्यांनी ऐकलं. ऐकलं नाही असं वाटावं म्हणून त्या वाकल्या, बुटाची चांगली बांधलेली नाडी सोडली आणि परत बांधली.

त्यांचे यजमान वेणीमाधव सर सगळ्यांच्या पुढं, हात मागं बांधून चालले होते. शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि बागेतला हा चालणाऱ्यांचा गटही त्यांनीच काढला. रोज पाच फेऱ्या. मोबाइलवर पावलं मोजायची नाहीत, मनगटावर घड्याळ नको. सरांच्या डाव्या खिशात पाच चिंचोके असायचे. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली आलं की एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. डावा खिसा रिकामा झाला की चहा.

दिवाळीच्या सुमारास सर कडुनिंबाखाली जरा जास्त वेळ थांबायला लागले. मग कधीतरी उजव्या खिशातला चिंचोका परत डाव्या खिशात गेला. पाचाच्या सहा फेऱ्या झाल्या, सहाच्या सात. कुणी काही म्हणालं नाही. नाजनीन म्हणणार तरी कशी? सतराचा पाढा अडला म्हणून पाचवीत तिचा कान धरला होता तो यांनीच. आणि कल्लप्पा, ज्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागं बसून झाली, ते आधी दुसऱ्याच फेरीला म्हणायचे, "सर, गुडघं बोलाय लागलं की ओ." सगळे हसायचे, सर आणखी जोरात चालायचे. दिवाळीनंतर फेऱ्या वाढल्या तसे कल्लप्पाही मुकाट चालायला लागले.

नाजनीनच्या पर्समध्ये औषधाच्या खोक्याचा एक तुकडा होता. त्यावर मेंदूच्या एका डॉक्टरांचं नाव आणि नंबर. मालतीबाईंना द्यायचा म्हणून तिनं तो लिहून ठेवला होता. तीन महिन्यांत घडी कापडासारखी मऊ पडली होती.

मालतीबाईंकडं असं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडं एक वाक्य होतं. पुण्याहून दिवाळीला आलेल्या हृषीकेशनं विचारलं होतं, "आई, बाबा ठीक आहेत ना गं?" त्या लाडू वळत होत्या. "ठीक म्हणजे? काल सहा फेऱ्या चालले," त्या म्हणाल्या होत्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते वाक्य तेव्हापासून घशाखाली उतरत नव्हतं.

एप्रिलमधला रविवार होता. ओपन जिमच्या सायकलींवर एक बाप आणि त्याची पोर शर्यत लावून जागच्या जागी पायडल मारत होते. सात वाजताच ऊन पाठीला चटका देत होतं. चौघं कडुनिंबाखाली आले.

सर थांबले. एक चिंचोका उजव्या खिशात टाकून त्यांनी पुन्हा दोन्ही खिशांत हात घातले आणि सगळे चिंचोके बाहेर काढले. डाव्या तळहातावर दोन, उजव्यावर तीन. दुसऱ्याच कुणी फळ्यावर मांडून ठेवलेलं गणित बघावं तसे ते दोन्ही तळव्यांकडं बघत राहिले.

"चला, दोनच राहिल्या," मालतीबाई म्हणाल्या. अलीकडं या झाडाखाली त्यांचा आवाज नेहमी असाच मोकळा व्हायचा.

"दोन राहिल्या, का दोनच झाल्या?"

कल्लप्पा सायकलीवरच्या पोरीकडं बघायला लागले. नाजनीनचा हात पर्सच्या चेनपाशी गेला आणि तिथंच थांबला.

"राहिल्या की. तुम्हीच मोजताय ना," मालतीबाई म्हणाल्या.

सर नाजनीनकडं वळले. "हात पुढं कर गं."

तिनं वर्गात करावा तसा हात पुढं केला. सरांनी पाचही चिंचोके तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची बोटं मिटवली. चिंचोके घामानं ओले झाले होते.

"उद्यापासून तू मोजायचं."

"मी कशाला सर? तुमीच मोजा की, तुमाला..."

"मला मोजता येईना झालंय, नाजनीन."

सायकलवरची पोर जिंकली असावी. ती टाळ्या वाजवत होती.

"वयाचं असतंय ओ सर," कल्लप्पा म्हणाले. "मी बी कालच किल्ली कुटं ठेवली ते..." सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मालतीबाई झाडाभोवतीच्या कठड्यावर बसल्या. त्यांनी विचारलं, "अहो, कधीपासून कळलं तुम्हाला?"

"दिवाळीपासून," सर म्हणाले. "फेऱ्या वाढल्या, आणि ह्या कल्लप्पांचे गुडघे बोलायचे थांबले." ते पुढच्या वळणाकडं बघत होते. "रोज वाटायचं, आज तरी म्हणतील दुखतात म्हणून."