न संपणारे दाणे

१९९९ साली श्रीरामपूरजवळच्या एका कारखान्यात केळ्याच्या वासाचा इसेन्स तयार व्हायचा. त्यासाठी लागणारं जहाल ॲसिड दर खेपेला वाया जायचं, आणि ते हाताळताना ऑपरेटर गहिनीनाथचे हात पोळायचे. म्हणून तिथले केमिस्ट सुमेध पगारे यांनी चार वर्षं खपून त्या ॲसिडऐवजी वापरायचा नवा उत्प्रेरक बनवला. न तापवताही पातळच राहणारा एक क्षार त्यांनी वाळूसारख्या दाण्यांवर पक्का बसवला. इसेन्स निघाला की दाणे गाळून घ्यायचे आणि पुन्हा वापरायचे.

मालक आबासाहेबांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी सोनाराचा काटा मागवला आणि वीस खेपा स्वतः दाणे वाळवून तोलले. वजन गुंजभरही घटलं नाही.

"पगारे, म्हणजे हे परत बनवायलाच नको?"

"नको आबासाहेब. एकदा बनवलं, की झालं," सुमेध अभिमानाने म्हणाले.

"लई पुण्याचं काम केलंत, साहेब," गहिनीनाथ आपले बरे झालेले हात दाखवत म्हणाला.

शनिवारी सगळ्या कामगारांसमोर सुमेध यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि वर एक बंद पाकीट. बोलताना आबासाहेबांना गहिवरून आलं. आत बढतीचंच पत्र असणार, म्हणून सुमेध यांनी पाकीट तिथेच फोडून मोठ्याने वाचायला घेतलं.



"आपला उत्प्रेरक पुन्हा कधीच बनवावा लागणार नाही हे सिद्ध झाल्याने, आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. हार्दिक अभिनंदन."