गरम करून देऊ का?

मायक्रोवेव्ह ‘टिंग’ करून वाजला आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या वडिलांनी पुन्हा गिऱ्हाइकाची सुशी गरम केली होती!

“अण्णा, सुशी गारच खातात. कितीदा सांगू?”

“गार भात कुणाच्या पानात वाढू नये, पोरी. आपल्या खानावळीत कधी वाढला नाही.”

“खानावळ बंद झाली! आता इथे माझं सुशीचं दुकान आहे. प्रत्येकाला ‘गरम करून देऊ का?’ असं विचारत फिरू नका.”

मी हे सगळ्यांसमोर बोलले. अण्णा पंचा झटकून गल्ल्यावर जाऊन बसले, तोंडासमोर पेपर धरून.

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतले रांगणेकरकाका आले. एकटेच असतात, रोज येतात. मी ताटली ठेवली. त्यांनी हात लावला नाही, गल्ल्याकडे बघत राहिले.

“आज अण्णा विचारत नाहीत ते, गरम करू का म्हणून?”

“तुम्हालाही गरम लागते?” मी वैतागले.

“छे, गारच आवडते. रोज नकोच म्हणतो मी. पण घरी कोण विचारतंय?”

मी अण्णांकडे पाहिलं. पेपर हलला नाही. शेवटी दातओठ खात मीच विचारलं, “काका, गरम करून देऊ का?”

“नको गं,” काका खुशीत म्हणाले आणि जेवायला लागले.