इंजिनाला पाणी

तिसऱ्या फेरीलाच गाडीने मान टाकली. शाळेजवळच्या वळणापर्यंत कशीबशी आली, दोन आचके दिले आणि थांबली.

हिलाल मिस्त्री माळावरून धावत गेला. मागचं झाकण उघडताच तोंडावर भट्टीसारखी झळ आली. या गाडीचं इंजिन मागे, आणि ते थंड व्हायचं निव्वळ वाऱ्यावर. पंख्याने वरून गार हवा ओढायची, इंजिनावर मारायची, तापलेली हवा खाली सोडायची. ती परत वर चढू नये म्हणून इंजिनाच्या कडेने रबराची पट्टी असते. पट्टी नसली की इंजिन स्वतःचाच ऊन श्वास पुन्हा पुन्हा घेतं आणि गुदमरतं.

आजही पट्टी नव्हती.

“शेठ, आठे पट्टी व्हती. काल जळगावले मीच बसाडी. कोठे गई?”

“मला काय ठाऊक?” ज्ञानचंदशेठ कपाळ पुसत म्हणाले. “शालिग्राम वकिलाचा कावा असणार.”

ज्ञानचंदशेठचं जळगावात कापडाचं दुकान होतं. वय बेचाळीस, एकटा जीव, आणि मोटारीचा नाद. धुळ्याच्या माळावर दर वर्षी मोटारींची शर्यत व्हायची. चुन्याने आखलेलं रिंगण, दहा फेऱ्या. दोन वर्षं वकीलच जिंकत होते. सरावासाठी शेठ शनिवारी संध्याकाळी गाडी धुळ्याला आणत आणि शाळेच्या पडवीत ठेवत. शिक्षिका सुनंदाबाई शाळेलगतच राहत, म्हणून काळजी नव्हती.

“तू बघ काय ते. मी इंजिनाला पाणी आणतो,” शेठ म्हणाले.

हिलाल बोलायला गेला, पण शेठ केसांवरून कंगवा फिरवत सुनंदाबाईंच्या दारात पोचलेही होते.

“आजही तापलं का?” बाईंनी कळशी पुढे केली. “एवढं पुरेल?”

“आणखी एक लागेल बहुतेक.”

त्या दिवशी तीन कळश्या लागल्या. प्रत्येक वेळी शेठ गाडीमागे वाकले आणि सगळं पाणी कडुनिंबाच्या रोपाला घालून परत गेले. तिसऱ्या खेपेला तर दारात अर्धा तास गप्पा झाल्या.

हिलालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पट्टी शेठच काढतोय! गाडी इथे बंद पडावी म्हणून!

त्याला हसू आलं आणि रागही आला. जळगावच्या स्टँडवर लोक त्याला ‘तीन फेऱ्यांचा मिस्त्री’ म्हणू लागले होते. शेठचं मन जुळो न जुळो, आपली इज्जत चालली होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून जाड पट्टी कापली. वरून पत्रा दाबला आणि अठरा स्क्रू आवळले.

“शेठ, आते तरी पट्टीले हात लावू नका.”

“म्हणजे? मी काढतो?” शेठ चिडले. “मला ती पट्टी कुठे असते तेही माहीत नाही!”

काय पण नाटकी माणूस, हिलाल मनात म्हणाला. त्या रात्रीही गाडी नेहमीसारखी शाळेच्या पडवीतच होती.

दुसऱ्या दिवशी गाडी दहाच्या दहा फेऱ्या धावली. वकील पाऊण फेरी मागे राहिले. लोकांनी शेठना खांद्यावर घेतलं, हार घातले. पण शेठचं तोंड उतरलेलं. सारखी नजर शाळेकडे.

हिलालला राहवलं नाही. आपणच दोघांमध्ये अठरा स्क्रू मारले, असं त्याला वाटलं. तो शाळेकडे गेला. दारात सुनंदाबाई भरलेली कळशी घेऊन उभ्या होत्या.

“बाई, शेठवर रागावू नका,” तो म्हणाला. “ते खोटं बोलतस. त्या इंजिनमा पानी टाकाले जागाच नही शे.”

“माहीत आहे.” बाईंनी कळशी खाली ठेवली. “माझे वडील मिलिटरीत मोटार मेकॅनिक होते.”



बाईंनी उजव्या हाताची बोटं पदराखाली लपवली. मग न राहवून बाहेर काढली. दोन बोटांना चिंधी बांधलेली होती.

“आधी पट्टी कशी ओढली की निघायची. एवढे स्क्रू कशाला हो मारलेत, मिस्त्री?”