गुंडीवर नजर

"हा कॅमेरा मान वळवतो," दुकानदार म्हणाला. "जिवंत काही हललं की त्याच्या मागे जातो. पडदा हलला, पंखा फिरला तर ढिम्म. आणि माणूस की जनावर, तेही खाली लिहून दाखवतो."

"लाल दिवा आहे का त्याला?" चष्मेवाल्यांच्या बायकोने विचारलं. "आमच्या गुंडी मांजरीच्या डोळ्यांवर येईल."

"बंद करता येतो, मावशी."

"आणि मी तिकडून हाक मारली तर?"

"तुमचं तिला ऐकू जाईल, तिचं तुम्हाला."

"हाच बांधा," चष्मेवाले म्हणाले. "नाहीतर आता ही विचारेल, कॅमेरा दूध पाजतो का."

बायको हसली नाही. गुंडी म्हातारी झाली होती. मागचे पाय अधू, छातीचं दुखणं, रोज अर्धी गोळी. त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना तिला गटाराच्या कडेवरून उचलून शर्टात घालून आणलं होतं. पुढे मुलगा मोटारसायकलवरून गेला तो परत आलाच नाही. गुंडी राहिली. तेव्हापासून या दोघांनी एक रात्र घराबाहेर काढली नव्हती. पण आता परगावी लेकीचे दिवस भरत आले होते. जाणं भागच होतं.

"तिला काही झालं तर मी त्याला काय तोंड दाखवू?" बायको म्हणायची.

किल्ली वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांकडे दिली. त्यांचा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला होता. गोळी कशी द्यायची ते बायकोने त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

"अहो वहिनी, मी माणसांना सुया टोचल्यात."

"माणसं चावत नाहीत, सिस्टर."

"तुम्ही माझा वॉर्ड बघितला नाहीत."

संध्याकाळी लेकीकडे पोचल्या पोचल्या, चपला काढायच्या आधी बायकोने मोबाईल उघडला. बैठकीची खोली रिकामी होती.

"गुंडे! ए गुंडाबाई!"

कॅमेऱ्याने मान वळवली. सोफ्यामागून गुंडी आली, शेपूट ताठ. खाली अक्षरं उमटली: जनावर.

"आली! अहो, आली बघा!" बायको चक्क रडायला लागली. लेक म्हणाली, "आई, बाळ मला होणार आहे. जरा इकडेही बघ."

तेवढ्यात सिस्टरांचा फोन आला. "वहिनी, पोचलात का नीट?"

"पोचलो. आणि आत्ताच बघितलं हो गुंडीला. काय ऐटीत चालतेय!"

"कोण चालतेय?"

"गुंडी हो, सिस्टर! गोळी घेतली ना तिने?"

"तुम्हाला ती दिसली?"

"स्वच्छ! उगीच घेतला का कॅमेरा?"

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "गोळीची काळजी करू नका. तुम्ही लेकीकडे लक्ष द्या आणि सावकाश या."

"कशी तुटक बोलते बाई," बायको म्हणाली.

"हॉस्पिटलातली माणसं फोनवर जेवढ्यास तेवढंच बोलतात," चष्मेवाले म्हणाले.

गुंडीची तब्येत मात्र दिवसेंदिवस सुधारत गेली. अधू पायांची मांजर एका उडीत कपाटावर चढली तेव्हा चष्मेवाल्यांनीही तोंडात बोट घातलं. गोळी लागू पडली म्हणायची! बायकोचा जीव भांड्यात पडला. कितीतरी वर्षांनी ती पोटभर जेवली.

सिस्टर रोज सकाळी येत, झाडांना पाणी घालत आणि घटकाभर खुर्चीत बसत. गुंडी मुकाट त्यांच्या मांडीवर चढे. सिस्टर तिच्याकडे बघतही नसत.

"काय दगड आहे ही बाई!" एकदा बायकोला राहवलं नाही. तिने मोबाईल तोंडाशी धरला. "सिस्टर, अहो, हात तरी फिरवा तिच्या पाठीवरून!"

सिस्टर दचकल्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग मांडीकडे. मग हळूहळू हात फिरवला, पण वरच्या वर, न टेकवता.

"सुया टोचणारी बाई मांजराला भिते," चष्मेवाले हसून म्हणाले.

एका दुपारी गुंडी मुलाच्या खोलीच्या दाराशी बसली होती. मान वर, डोळे मिटलेले, हनुवटीखाली कुणी खाजवावं तशी. दारात कुणीच नव्हतं. खाली अक्षरं होती: माणूस, जनावर.

बायकोने मोबाईल चष्मेवाल्यांपुढे धरला. "अहो, अशी मान ती फक्त त्याच्यापुढे करायची."

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा पुसला, मोबाईल जवळ धरला, लांब धरला. "यंत्र आहे, चुकायचंच," ते म्हणाले. त्यांचा आवाज काही खरा वाटला नाही. रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

लेकीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर, चार दिवस राहून, दोघं परत निघाली. गाडीतही बायको मोबाईलमध्येच बघत होती. गुंडी दाराशी येऊन बसली होती.

"वाट बघतेय आपली," ती म्हणाली. "सांभाळलं हो मी तिला. आता त्याच्या फोटोपुढे उभं राहायला लाज नाही वाटणार."

दार सिस्टरांनी उघडलं. पाऊल आत पडायच्या आधीच बायकोने हाका सुरू केल्या. सिस्टरांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. पाण्याचा पेला पुढे केला. चष्मेवाल्यांनाही बसायला सांगितलं.

"पाणी राहू द्या हो. गुंडी कुठाय?"

सिस्टरांनी तिचं मनगट सोडलं नाही.

"आमच्या वॉर्डात ही गोष्ट फोनवर सांगत नाहीत, वहिनी. माणूस समोर बसलं की मगच सांगतात. मागे कुंपणापाशी पुरलंय मी तिला. तुम्ही निघालात त्याच दुपारी गोळी द्यायला आले, तर मुलाच्या पलंगावर ती गार होऊन पडली होती."