चौथी लेन

चौथ्या लेनची फक्की हंजगीकर सरांनी यंदाही स्वतःच्या हातानं टाकली, आणि फादर रेगोंनी त्यावर पाणी फिरवलं.

फादर शाळेचे नवे मुख्याध्यापक. आज पाहुणा म्हणून आपलाच माजी विद्यार्थी भीमा येतोय, फौजदार झालाय, तेव्हा चारशे मीटरला सहाही लेनमध्ये पोरं धावतील, असं त्यांनी सांगून टाकलं. मेलेल्या मुलाचं नाव पुकारायचं खूळ आता पुरे झालं.

खूळ चौदा वर्षांचं होतं. साठ साली याच मैदानावर, शेवटच्या वळणावर सिद्राम कोसळला तो उठलाच नाही. तेव्हापासून दर स्पर्धेला सर चौथी लेन रिकामी ठेवत. इतरांबरोबर कर्ण्यावरून सिद्रामचंही नाव पुकारत आणि मगच शिट्टी फुंकत. शाळेच्या सन्मानफलकावर सरांच्या हाताखालून गेलेले डॉक्टर होते, कॅप्टन होते, रणजी खेळलेला एक जण होता. सरांना मात्र तिथं नसलेलंच नाव दिसायचं. झोपेतसुद्धा ते पोर त्यांच्या मागं धावायचं, त्याचा गरम श्वास मानेला लागायचा.

आणि दरसाल यायची गुरम्मा, सिद्रामची आई. गिरणीत खाडा करून यायची, कडुलिंबाखाली बसायची, लेकाचं नाव कानावर पडलं की उठून चालू लागायची. कधी एक शब्द नाही. बिचारीला तेवढाच आधार, असं सरांना वाटायचं. आज तोही जाणार होता.

पण कसला डोंबलाचा आधार! त्या सकाळी सिद्राम म्हणाला होता, सर, अंगात ताप आहे. जिल्ह्याची निवड होती, सरांनी त्याला नाटकं करू नकोस म्हणून दटावलं होतं. आईला मात्र सांगितलं, पोर काही बोललंच नाही. ते खोटं त्यांनी अजून कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

सर कडुलिंबाकडे निघाले. आज नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

"अक्का, आज त्याचं नाव पुकारणार नाहीत," ते म्हणाले. "आणि त्याला ताप होता. त्यानं सांगितलं होतं मला. तरी मी पळवलं त्याला."

गुरम्मानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आता ही तळतळाट देईल, आणि दिला तर बरंच होईल, असं सरांना वाटलं.

"ताप हाय, ते मला म्हाईत व्हतं की, मास्तर," ती म्हणाली. "अंग चाचपलं व्हतं मी. जात न्हाय म्हणत व्हता. तुमी रागवाल म्हणून मीच ढकलून धाडला."

तेवढ्यात कर्णा खरखरला. चौथ्या लेनला कुणा दुसऱ्याच पोराचं नाव आलं. गुरम्मानं मान खाली घातली होती, खांदे आवळून घेतले होते. मार खाणारं माणूस बसतं तशी ती बसली होती. चौदा वर्षं ती अशीच बसायची, आणि सरांनी कधी जवळ येऊन पाहिलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुमाला सगळं कळलंय," ती म्हणाली. "म्हणून दरसाल चारचौघांत त्याचं नाव घेऊन मला शिक्षा करताय. ती घ्यायलाच येत व्हते मी."