पाच जोड्यांची साखळी

नणंदेने फॉर्म वाचला, उलटून मागची बाजू वाचली आणि तो टेबलावरून परत सरकवला. सही करणार नाही म्हणाली.

मॅडमचा चेहरा पडला. किडनी प्रत्यारोपण विभागाचं सगळं काम या मॅडम बघायच्या, आणि आज सकाळपासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. बाकीच्या चार सह्या दुपारच्या आत झाल्या होत्या. त्या चार दात्यांतले एक आजोबा तर सही करून वॉर्डात शीळ घालत हिंडले आणि सिस्टरची बोलणी खाऊन आले. पाचवी सही कुठे जातेय, असं धरून मॅडमनी ऑपरेशनची तारीखसुद्धा कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून टाकली होती.

शेजारच्या खुर्चीत भावजय बसली होती. किडनी हवी होती ती तिला. दीड वर्ष ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जात होती, आणि आता मशीनही पुरं पडेना. नवऱ्याला शुगर, म्हणून तो बाद. मग नणंद पुढे झाली, तर तिचा रक्तगट आडवा आला. फाइलवर शिक्का बसला, ‘जुळत नाही’. रक्तगटाचं सोडा, चौदा वर्षांत त्या दोघींचं कशातच जुळलं नव्हतं. दोघी मिळून शिवणाचं दुकान चालवायच्या. नणंद कापायची, भावजय शिवायची, आणि मधल्या वेळात भांडणं व्हायची. एकदा कात्री कुठे ठेवायची यावरून जुंपली असताना एक गिऱ्हाईक समजूत घालायला मध्ये पडलं, तर दोघी मिळून त्याच्यावर घसरल्या. ते गिऱ्हाईक अजून लांबच्या दुकानात जातं.

असल्या शिक्क्यांच्या फाइलींनी मॅडमचं कपाट भरलं होतं. कुठलीही फाइल उघडा, आत तेच उत्तर. शेवटी त्यांनी चार हॉस्पिटलांतल्या फाइली एकत्र केल्या आणि संगणकावर त्यांचा ग्राफ मांडला. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ज्याची किडनी ज्याला चालेल, त्याच्याकडे एक बाण. सुट्या फाइलींत कधीच न दिसलेली गोष्ट त्या जोडल्यावर दिसली. बाणांच्या गुंत्यातून संगणकाने एक वाट काढून दिली. त्या वाटेवर पाच जोड्या होत्या. प्रत्येक दात्याची किडनी आपल्या माणसाला चालत नव्हती, पण पुढच्या जोडीतल्या रुग्णाला चालत होती, आणि ती वाट गोल फिरून पुन्हा पहिल्या जोडीपाशी येत होती. सगळ्या तपासण्या जुळल्याचं कळलं तेव्हा मॅडम अनवाणीच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे धावल्या होत्या.

अट एकच होती. पाचही दात्यांनी हो म्हणायला हवं. एकाने पाय मागे घेतला की पाचही रुग्ण होते तिथेच. हे मॅडमनी नणंदेला दोनदा सांगितलं होतं. तिने दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि विचारलं, माझी कुणाला जाणार? नाव सांगता येत नाही, तसा नियमच आहे, मॅडम म्हणाल्या. पण हिला नाही ना, तिने विचारलं. हिला नाही, दुसऱ्याला, मॅडम म्हणाल्या. त्यावर तिने फॉर्म परत सरकवला होता.

बाई घाबरली, असं मॅडमना वाटलं. त्यांनी भूल, टाके, विश्रांती, सगळं पुन्हा समजावलं. टाक्यांचं ऐकून नणंदेने नुसतं नाक उडवलं. भावजयीला वाटलं ते वेगळंच. मागच्या वेळी रक्तगटामुळे सुटका झाली, आता खरंच द्यायची वेळ आल्यावर वन्संचं मन फिरलं. तिला वाईट वाटलं, पण राग काही येईना. साठीला टेकलेल्या बाईने भांडकुदळ भावजयीसाठी स्वतःला का कापून घ्यावं?

"वन्सं, नका देऊ," ती म्हणाली. "मी कधीच मनात धरणार नाही."

"तू गप्प बस," नणंद म्हणाली.

मॅडमना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिथे नावं नव्हती, नुसते आकडे होते. नणंदेने खुर्ची पुढे ओढली आणि यात माझा ठिपका कुठला ते विचारलं. मॅडमनी दाखवला. तिने त्यावर बोट टेकलं. कापडावरची खडूची रेघ तपासावी तसं ते बोट बाणावरून सावकाश निघालं. एका अनोळखी रुग्णापाशी गेलं. त्याच्या दात्यावरून पुढच्या बाणाला लागलं. मग तिसरी जोडी झाली, चौथी झाली, पाचवी झाली. पाचवीतून निघालेल्या बाणाच्या टोकाशी बोट थांबलं. हे कोण, तिने विचारलं. या तुमच्या भावजय, मॅडम म्हणाल्या.

नणंदेने पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. आपला बाण पुसला तर हा शेवटचा राहील का, हेही विचारून घेतलं. नाही राहणार, मॅडम म्हणाल्या. तिचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती पेन शोधत राहिली. मग तिने सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली.

"मघापासून दुसऱ्याला, दुसऱ्याला काय लावलंय?" ती मॅडमवर खेकसली. "माझी हिलाच मिळतेय, फक्त चार घरं फिरून."