आखूड शेपूट

मादाम द व्होकूर खोगीर चढवायच्या जागेकडे आल्या, तेव्हा ओडिलनं त्यांची टोपी आधी पाहिलीच नाही. ती वाकून सिडोनीच्या शेपटात कंगवा फिरवत होती. सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे, पण आज फ्रान्समधल्या शांतिईच्या मैदानावर दियानची शर्यत होती, आणि मादामची ही घोडी ओडिलच्या हातची होती.

"ओडिल, ओळखलंस का गं?"

ओडिलनं मान वर केली. परातीएवढी काळी टोपी, आणि तिच्या एका बाजूनं खांद्यापर्यंत लोंबणारा तांबूस केसांचा झुपका. मधोमध दोन रुपेरी बटा. त्या बटा ओडिलनं दोन वर्षं रोज विंचरल्या होत्या.

"ग्रिवेतच आहे," मादाम म्हणाल्या. "टोप्यांच्या स्पर्धेत पहिली आले मी. माझ्या दुःखाचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं."

गेल्या वर्षी याच शर्यतीत मादामच्या ग्रिवेत घोडीचा पाय मोडला. हिरव्या पडद्याआड डॉक्टरनं तिला कायमचं झोपवायची सुई दिली, तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन ओडिल बसली होती. संध्याकाळी मादामचा निरोप आला, आठवण म्हणून शेपटाचे केस हवेत. ओडिलनं स्वतः कापले, बादलीत धुतले, रडत रडत वेणी घातली आणि पाठवले. तिला वाटलं होतं, बाई ते कपाटात जपून ठेवतील.

मादामच्या दोन मैत्रिणी मागं उभ्या होत्या, एकीच्या हातात शॅम्पेन, दुसरीच्या हातात स्ट्रॉबेरीची बशी. बशीवालीनं क्रीमची बोटं चाटली आणि तोच हात झुपक्यावरून फिरवला.

"किती मऊ आहे गं. मेलेल्या घोडीचं वाटतच नाही."

मादाम पुढं झुकल्या, तसा झुपका ओडिलच्या गालाला लागला. त्याला घोडीचा वास नव्हता, अत्तराचा होता. ओडिलनं बाहीनं गाल पुसला.

सिडोनीनं मान लांब करून टोपी हुंगली आणि जोरात फुरफुरली.

"बहिणीला ओळखलं बाई तिनं," शॅम्पेनवाली डोळे टिपत म्हणाली. सिडोनी ग्रिवेतची धाकटी बहीण होती हे खरं, पण तिनं कुणाला ओळखलं नव्हतं. अत्तर नाकात गेलं होतं, दुसरं काही नाही.

मग मादामनी हातमोजा काढला आणि सिडोनीचं शेपूट हातात घेतलं. पैठणीचा पोत बघावा तसं बोटांतून सोडलं, परत उचललं.

"हिचा रंग अजून छान आहे. मधासारखा. टोपीवाला बघून गेलाय बरं का. देव न करो, पण उद्या काही झालंच, तर लक्षात ठेव हं ओडिल. मागच्या खेपेला तू जरा आखूड कापलंस."

"हो, मादाम," ओडिल म्हणाली. तीस वर्षं हेच तोंडात बसलेलं. तिला स्वतःच्या तोंडाचीही शिसारी आली.

बायका हसत खिदळत रिंगणाकडे गेल्या. वर भोंगा शर्यतीचा इतिहास सांगत होता. अठराशे त्रेचाळीसपासूनची शर्यत, फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, त्यातही फक्त माद्यांची. युद्धांमुळं काही वर्षं चुकली. आणि एकदा एकोणीसशे पंचाहत्तर साली झाली नाही. का झाली नाही, ते भोंग्यानं सांगितलं नाही. त्या वर्षी तबेल्यातली माणसं संप करून अडून बसली होती, आणि त्यांच्यात ओडिलचा बाप होता.

ओडिलनं एप्रनच्या खिशातून पट्ट्या कापायची कात्री काढली. नोकरी जाणार हे तिला कळत होतं. नोकरीचं एवढं नाही, पण सिडोनी दुसऱ्याच्या हाती जाईल या विचारानं तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं शेपूट मुठीत धरलं, हाड संपतं तिथं बोटानं चाचपलं आणि त्याच्या खाली कात्री चालवली. सिडोनीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. केसांचा तो मधाळ भारा ओडिलनं लिदीच्या हातगाडीत टाकला आणि फावड्यानं खाली दाबला. चांगला ओल्या लिदीत दाबला.

ट्रेनर तेलिए खोगीर घेऊन आला आणि जागीच उभा राहिला.

"शेपूट कुठाय?"

"गाडीत."

"डोकं फिरलंय का तुझं? आता घोडी रिंगणात न्यायची, अख्खा फ्रान्स बघणार, आणि तू..."

"शेपटानं कुठली घोडी पळते, मस्यू?"

"जूनचे दिवस आहेत. माशा कशानं हाकलायच्या तिनं?"

"माणसांपेक्षा माशा बऱ्या," ओडिल म्हणाली. "केस काय, परत येतील. तोवर ती जिवंत राहिली पाहिजे."

तेलिएनं हातगाडीकडे पाहिलं, मग दूर त्या काळ्या टोपीकडे. तो काही दुधखुळा नव्हता.

"शर्यत झाली की सामान आवर," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"आवरते. आत्ता पट्टा ओढा, उशीर होतोय."

तिनं लगाम धरला आणि घोडी रिंगणात नेली. कडेनं आधी कुजबूज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं. ओडिल सरळ समोर बघत चालत राहिली. मधल्या हिरवळीवर मादाम द व्होकूर फोटोसाठी हसत उभ्या होत्या. सिडोनी त्यांच्यासमोरून गेली आणि त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

वारा सुटला होता. त्या दोघींत मिळून एकच शेपूट होतं, आणि ते मादामच्या डोक्यावर हलत होतं.